आठवण काढली की ती कच्ची होते

परवा घरी सगळे जमलो होतो आणि विषय निघाला 26 जुलै 2005 च्या पावसाचा. आत्या म्हणाली, मी दादरहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले तेव्हा दार तूच उघडलंस. मी म्हटलं, अगं मी त्या रात्री घरी नव्हतोच, कॉलेजमध्ये अडकलो होतो. दोघांनाही आपापलं दृश्य स्पष्ट दिसत होतं, आणि खोटं कोणीच बोलत नव्हतं.

आपण धरून चालतो की आठवण म्हणजे मोबाइलमधला व्हिडिओ, कधीही लावा, तोच दिसणार. तसं नाहीये. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कोणी सांगितलं वगैरे. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या 44 जणांना तेच प्रश्न परत विचारले तर 11 जणांची उत्तरं पार चुकली आणि पूर्ण बरोबर फक्त 3 निघाले. बरं, चुकलेल्यांना स्वतःच्या हातचा जुना कागद दाखवला तरी मूळ आठवण काही परत आली नाही.

असं का होतं, याचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर उंदरांकडून आलंय. आठवण पक्की व्हायची तर मेंदूतल्या पेशींमधले जोड, म्हणजे सिनॅप्स, मजबूत व्हावे लागतात आणि त्यासाठी पेशींना नवी प्रोटीन्स बनवावी लागतात. हे काही तासांचं काम, आणि एकदा झालं की झालं, सिमेंट सुकल्यासारखं, असंच बरीच वर्षं बहुतेकांचं मत होतं. 2000 साली न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नाडर, ग्लेन शॅफ आणि जोसेफ लडू यांनी उंदरांना एक आवाज ऐकवून बारीकसा शॉक दिला, की पुढे नुसता आवाज आला तरी उंदीर जागच्या जागी थिजायचे. दुसऱ्या दिवशी फक्त आवाज ऐकवला, म्हणजे आठवण करून दिली, आणि लगेच मेंदूच्या अमिग्डाला नावाच्या भागात ॲनिसोमायसिन टोचलं, जे प्रोटीन बनणं थांबवतं. त्यानंतर आवाज ऐकवला तर भीती बरीचशी गेलेली! पण खरी मजा पुढे आहे. ज्यांना आवाज न ऐकवता तेच औषध टोचलं त्यांची भीती जशीच्या तशी राहिली. आणि आवाजानंतर सहा तासांनी टोचलं तरीही काही फरक नाही. म्हणजे औषध आठवण पुसत नव्हतं, आठवण काढल्यामुळे सुकलेलं सिमेंट काही तास परत ओलं झालं होतं आणि ते पुन्हा सुकवायला नवी प्रोटीन्स लागत होती, ती न मिळाल्यामुळे जोड ढासळले. याला रीकन्सॉलिडेशन म्हणतात. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की सिमेंट दर वेळी ओलं होत नाही, आठवण उघडताना काहीतरी अनपेक्षित घडावं लागतं, मेंदूचा अंदाज चुकावा लागतो, तेव्हा कुठे सिनॅप्समधली जुनी प्रोटीन्स मोडायची यंत्रणा सुरू होते आणि नवीन माहिती आत शिरायला वाव मिळतो. खूप जुन्या आणि घट्ट आठवणी उघडायला जास्त अवघड जातात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. संमोहन करून मागचा जन्म आठवून देतो म्हणणाऱ्यांकडे लोक पैसे घेऊन जातात. संमोहनाने आठवण जास्त बरोबर होत नाही, तिच्याबद्दलची खात्री मात्र वाढते, आणि सुचवणाऱ्या प्रश्नांतून न घडलेलं चित्र डोक्यात तयार होऊ शकतं. रडू खरं असतं, म्हणून पूर्वजन्म खरा ठरत नाही. कृपा करून जाऊ नका.

माणसांवर असं औषध टोचता येत नाही, म्हणून ॲमस्टरडॅममध्ये मेरेल किंट यांच्या गटाने ब्लड प्रेशरचं साधं प्रोप्रॅनोलोल वापरून पाहिलं. 2009 साली त्यांना दिसलं की आठवणीतली भीती कमी झाली पण घटना मात्र लक्षात राहिली. नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा कधी जमलं, कधी नाही, त्यामुळे वाईट आठवणी पुसायची गोळी आली असं कोणी म्हणालं तर लगेच विश्वास ठेवू नका.

आत्याचं आणि माझं भांडण तसंच राहिलंय. आता काकाला विचारणार आहे, पण आमच्या दोघांचं काहीही त्याच्या कानावर घालायच्या आधी त्याला जे आठवतंय ते कागदावर लिहून घेणार.