२६ वेळा ‘आय नो’

‘दार’ हा शब्द मोठ्याने, न थांबता तीसेक वेळा म्हणून पाहा. विसाव्या-पंचविसाव्या खेपेपर्यंत कडी, उंबरा, चौकट सगळं गळून पडतं आणि तोंडात नुसता आवाज घोळत राहतो. मानसशास्त्रात याला सिमँटिक सॅटिएशन म्हणतात. अर्थाचं अजीर्ण म्हणा ना!

अमेरिकन गायक बिल विदर्स यांच्या १९७१ सालच्या ‘एन्ट नो सनशाइन’ या सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताचा एक प्रकार) विरहगीताच्या मधोमध हेच घडतं. ती घरातून निघून गेली की ऊन उरत नाही, एवढंच गाण्यात आहे. त्यात ‘आय नो’, म्हणजे ‘ठाऊक आहे मला’, हे दोन शब्द सलग २६ वेळा येतात. विदर्स तेव्हा विमानांची शौचालयं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. गाण्यात ‘आय नो’च्या जागी आणखी शब्द लिहून घालायचा त्यांचा बेत होता. स्टुडिओतल्या मुरलेल्या वादकांनी ‘आहे तसंच राहू दे’ म्हणून सांगितलं. निर्माते होते मेम्फिसचे ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स.

पहिल्या चार-पाच वेळा ‘ठाऊक आहे’ ही कबुली वाटते. पुढे शब्दाचा अर्थ पातळ होतो आणि गळ्यातला खरखरीत सूर तेवढा उरतो. याची दुसरी बाजू मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांनी दाखवली आहे. बोलण्यातला एखादा तुकडा जसाच्या तसा पुन्हापुन्हा ऐकवला, की काही वेळाने तो गायल्यासारखा ऐकू येतो. अर्थाकडचं लक्ष सुटतं आणि कान सुरांच्या चढउताराकडे वळतो. हुंदक्यातही शब्द असेच निसटतात.

त्यातच साथ थांबते. गिटार आणि बेस गप्प, मागे फक्त हलका ड्रम. कॉर्ड (एकत्र वाजणारे साथीचे सूर) बदलत नसल्यामुळे हे कधी संपणार याचा अंदाज कानाला येत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या २०११ च्या एका अभ्यासात, आवडत्या संगीताचा शिखरक्षण येण्याआधी, नुसत्या वाट पाहण्यातही मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवताना दिसलं. तिथे लोकांनी आपापलं आवडतं संगीत आणलं होतं, हे गाणं नव्हे; पण वाट पाहायला लावण्याची युक्ती तीच.

आणि दुःखी गाण्याने माणूस दुःखीच होतो असं नाही. २०१४ मध्ये ७७२ श्रोत्यांच्या पाहणीत अशा संगीतातून सर्वाधिक जागणारी भावना निघाली ती गतकाळाची हुरहूर.

गाऊन पाहायचं असेल तर मूळ पट्टी ए मायनर, पेटीवर सा पांढरी सहा. मुख्य ओळीचे सूर धानी रागाच्या जवळचे, त्यामुळे आपल्या गळ्याला परके वाटत नाहीत. गडबड मधल्या भागात होते. बहुतेक जण प्रत्येक ‘आय नो’ला आवाज चढवतात, हरकती घालतात, गिटारवाला रिकामी जागा भरून काढतो. हरकतीमुळे प्रत्येक खेप वेगळी ऐकू येते, मग अजीर्ण होतच नाही. आणि शिखर आधीच गाठल्यामुळे साथ परत येते तेव्हा ती कुणाला जाणवत नाही. आवाज सपाट ठेवा, श्वास कुठे चोरायचा ते आधी ठरवा. मोजायला बोटांची पेरं पुरत नाहीत: अंगठे सोडून दोन्ही हातांची २४ होतात, वर दोन उरतात.