बोलेओ म्हणजे लाथ नव्हे

टँगो या जोडीने करायच्या नाचाच्या रील बघून लातूर-नांदेडकडच्या शिकाऊ जोड्यांत एक समज पक्का बसलाय: बोलेओ या हालचालीत फॉलोअर, म्हणजे लीडरच्या (चाल ठरवणाऱ्या जोडीदाराच्या) इशाऱ्यावर नाचणारी, पाय मागे झटकते, उंच गेला की भारी. तसं नाही. तो पाय कुणी उचलत नाही, तो उडतो.

मागचा ओचो घ्या. ओचो म्हणजे स्पॅनिशमध्ये आठ; आठाच्या आकड्यासारखी वळणं घेत टाकलेली पावलं. फॉलोअरचं सगळं वजन एका पायावर, त्याच पायाच्या चवड्यावर ती वळतेय. वळण निम्म्यावर असताना लीडर छाती उलटी फिरवतो. तिची कंबर थांबून परत फिरते. मोकळा पाय मात्र आधीच्याच वेगात पुढे जातो, उभ्या पायाला वळसा घालतो आणि परत येतो. लिंबाची फांदी वाकवून सोडावी तसा.

बिघडतं कुठे? लीडरने उशीर केला की वजन दुसऱ्या पायावर गेलेलं असतं; मग बोलेओ नाही, साधं पाऊल होतं. हाताने ओढलं तर तोल जातो. मांडी आवळली तर पाय हलतच नाही. गुडघे मात्र एकमेकांजवळ ठेवा, नाहीतर टाच शेजारच्या नडगीवर बसते. गर्दीत बोटं जमिनीलाच टेकलेली बरी.

साकादा या दुसऱ्या हालचालीबद्दलही असाच गैरसमज. तिथे पायाने पाय ढकलत नाहीत; फॉलोअरने नुकत्याच सोडलेल्या जागेत लीडर पाऊल टाकतो.

आणि आपल्याकडची खडबडीत शहाबादी फरशी, वर रबरी तळ! चवडा अडकतो, पीळ गुडघ्यात जातो. चामडी तळाचा बूट घाला.