फॅमिली डॉक्टर, आधी आणि आता

कंपाउंडर लाल मिक्श्चरची बाटली भरायचा आणि तिला कातरीने खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. त्या दवाखान्यांच्या पाटीवर बऱ्याचदा डॉक्टरांच्या नावापुढे एलसीपीएस असे. 1912 साली मुंबईत स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ही परवानापदवी. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालानुसार देशात 47,524 नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले 29,870 असे परवानाधारक. समितीने हे शिक्षण बंद करून एकच पदवी ठेवायला सांगितले. शिवाय प्रत्येक डॉक्टरला रोगप्रतिबंधाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, अशीही शिफारस केली.

प्रतिबंध मग ‘पीएसएम’ (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) हा विषय होऊन अभ्यासक्रमात बसला. दवाखान्यात मात्र फी आजाराचीच मिळायची. आजारी न पडण्याचे पैसे कोण देणार? लसीकरण नगरपालिकेकडे आणि आरोग्य केंद्राकडे गेले. जुन्या फॅमिली डॉक्टरांचे गोडवे गाताना आपण हे सोयीने विसरतो.

वृद्धांचे वेगळे शास्त्र असते हेही इथे उशिरा पोचले. ‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नाशर यांनी 1909 मध्ये घडवला. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात 1935 पासून मार्जरी वॉरन यांनी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना नीट तपासले, उठवले, चालवले. कित्येक जण घरी परतले. आपल्याकडे 1951 च्या सुमारास सरासरी आयुर्मान होते जेमतेम 32 वर्षे. (सगळे बत्तिशीत जात असे नव्हे, बालमृत्यूच फार.) मद्रासमध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 मध्ये वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, 1996 मध्ये तिथेच या विषयाचे एमडी आले. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रम त्याहून उशिरा, 2010 चा. 2011 च्या जनगणनेत साठीपुढचे दहा कोटींवर होते.

आज आजोबा तीन तज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पिशवी घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे येतात. डॉक्टर ती टेबलावर उलटी करतात: एकच गोळी, दोन कंपन्यांच्या नावांनी. मग बीपी एकदा झोपवून, एकदा उभे करून. उभे राहिल्यावर ते घसरत असेल, तर रात्री बाथरूमला जाताना चक्कर का येते, ते तिथेच कळते.