सव्वा किलोची ओढ आणि चिऱ्याची भिंत

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या कितीतरी घरांत टीव्हीची जागा बदलते. मखराला आणि मूर्तीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीला जागा हवी म्हणून तो शोकेसवरून उतरतो आणि कुठल्यातरी स्टुलावर, नाहीतर दोन खुर्च्यांवर टाकलेल्या फळीवर जाऊन बसतो. त्याच आठवड्यात घर पाहुण्यांच्या मुलांनी भरतं. कुणी काळजी बोलून दाखवली तर ठरलेलं उत्तर मिळतं: पूर्वीचा डबा जड होता, आताचे टीव्ही हलके, त्यांचं एवढं काय! हा समज पुरता उलटा आहे. टीव्ही हलका आणि पातळ झाला म्हणूनच तो लहान मुलाच्या हाताने पडू लागला. शाळेतल्या तरफेच्या धड्याएवढ्या गणितात हे कळतं.

दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं, कडीजवळ ढकललं तर बोटाने उघडतं. बल आणि टेकूपासूनचं त्याचं अंतर यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण. टेबलावरचा टीव्ही पुढे कलंडतो तेव्हा त्याच्या पायांची पुढची टोकं टेकू होतात. टीव्हीचं वजन त्याला मागे धरून ठेवतं, मुलाचा हात पुढे ओढतो. ४३ इंची टीव्ही धरा. वजन ८ किलो, दोन टोकांना दोन बारीक पाय, आणि गुरुत्वमध्य पायाच्या पुढच्या टोकापासून ९ सेंटिमीटर मागे. धरून ठेवणारं आघूर्ण ८ गुणिले ९, म्हणजे ७२. मूल वरची कड पकडतं ती टेबलापासून ६० सेंटिमीटर उंच. ७२ भागिले ६० म्हणजे १.२. सव्वा किलोपेक्षाही कमी ओढ! दुधाची एक लिटरची पिशवी उचलायला लागतो त्याहून जरासा जास्त जोर. दोन वर्षांच्या मुलाचं वजन १० ते १२ किलो असतं. तोल सावरायला त्याने कड धरली आणि अंगाचा थोडासा भार टाकला, तरी पुरे.

आता २१ इंची जुना डबा घ्या. वजन २२ किलोच्या आसपास, गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून १५ सेंटिमीटर मागे, उंची ४५. उत्तर येतं ७.३ किलो. म्हणजे जुना टीव्ही पाडायला सहापट जोर हवा होता. पडला तर तो जास्त घातक होता हे खरं, पण पडायला तयार नव्हता.

सुरुवातीची ओढ सव्वा किलोची. पुढे तीही लागत नाही. टीव्ही कलू लागला की गुरुत्वमध्य टेकूच्या जवळ सरकतो आणि धरून ठेवणारं आघूर्ण घटत जातं. साधारण १६ अंश कलला, म्हणजे वरची कड वीतभरही पुढे आली नाही, तोच ते शून्यावर पोचतं. त्यानंतर मुलाने हात सोडला तरी टीव्ही पडणारच. ५० सेंटिमीटर उंच टेबलावरून जमिनीवर येईपर्यंत त्यात ६० ज्यूलहून जास्त ऊर्जा जमा होते. एक किलोचा दगड सहा मीटरवरून खाली यावा, तेवढी. आणि खाली मूल असतं. टीव्ही वाचवण्याची खटपट याच कारणासाठी आधी मूल वाचवण्याची असते.

उपाय टीव्ही बांधण्याचा. टीव्हीच्या पाठीला चार आट्यांची छिद्रं असतात, भिंतीवर लावायच्या पट्टीसाठी दिलेली. त्यातल्या वरच्या दोन छिद्रांना नायलॉनचे रुंद पट्टे लावून ते मागच्या भिंतीत अडकवायचे. छिद्रांचा स्क्रू टीव्हीगणिक वेगळा, एम-४, एम-६ किंवा एम-८. माप आणि लांबी माहितीपुस्तिकेत दिलेली असते. आखूड स्क्रू दोन आटे पकडून सुटतो, फार लांब स्क्रू आत जाऊन पॅनेलच्या पाठीला टोचतो, म्हणून अंदाजाने घेऊ नका. पट्टा ताणून बांधायचा. पाच सेंटिमीटर ढील ठेवली तर टीव्ही तेवढ्यात वेग घेतो आणि पट्ट्याला झटका बसतो, जो ओढीपेक्षा कितीतरी मोठा असतो. हिशेब असा: मुलाने वरच्या कडेला १० किलोने ओढलं आणि पट्टे ४० सेंटिमीटर उंचीवर असले, तर दोन्ही मिळून १३ किलोच्या आसपास ताण येतो, एकावर साडेसहा. शोकेस हलकी असेल तर तीही भिंतीला अडकवा, कारण मुलं खालचा खण उघडून त्याची पायरी करतात. आणि चिकटपट्टीवर धरणारे तयार पट्टे घेऊ नका. पावसाळ्यात भिंतीचा रंग पापुद्र्याने सुटतो, त्याच्याबरोबर चिकटपट्टीही येते.

टीव्ही थेट भिंतीवर लावणं अधिक चांगलं, पण पट्टी कुठली यावर सगळं ठरतं. भिंतीला चिकटून बसणाऱ्या स्थिर पट्टीत टीव्हीचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ६ सेंटिमीटरवर येतो. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंत १५ सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्या स्क्रूंवर बाहेरची ओढ ८ गुणिले ६ भागिले १५, म्हणजे फक्त ३.२ किलो. १५ किलोचं मूल लोंबकळलं तरी ती ९ किलोच्या आसपास थांबते. हाच टीव्ही पुढे ओढता येणाऱ्या हाताच्या स्टँडवर ४० सेंटिमीटर बाहेर काढला, तर ओढ २१ किलो. त्यावर १५ किलोचं मूल लोंबकळलं तर ६१. आणि मूल हळूहळू लोंबकळत नाही, एकदम झेप घेतं. एकदम पडणारा भार सावकाश ठेवलेल्या भाराच्या निदान दुप्पट परिणाम करतो. लहान मुलांच्या घरात फिरत्या हाताचा स्टँड नकोच.

आता ही ओढ सोसते ती भिंत. बाजारात मिळणारे स्क्रू आणि बोल्ट काँक्रीटसाठी किंवा भाजक्या विटेसाठी बनवलेले असतात. गोव्यातली कितीतरी घरं उभी आहेत ती चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, आणि चिरा हा स्वभावाने वेगळाच दगड आहे. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरमच्या दगडावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. लाखो वर्षं धो धो पाऊस पडला की खडकातली सिलिका आणि विरघळणारे क्षार वाहून जातात, मागे लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं राहतात. मधल्या पोकळ्यांत मऊ माती असते. खाणीतून नुकता काढलेला चिरा पात्याने कापता येतो आणि उघड्यावर सुकून घट्ट होतो. घट्ट झाला तरी तो छिद्राळच. भारतीय मानक चिऱ्याकडून चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन एवढ्याच दाब-सामर्थ्याची अपेक्षा करतं. साध्या एम-२० काँक्रीटचं सामर्थ्य २०.

लोखंडी अँकर फास्टनर चिऱ्यात का टिकत नाही ते यावरून उलगडतं. हा बोल्ट आवळला की त्याचं टोक फुलतं आणि छिद्राच्या भिंतीला बाहेरच्या दिशेने दाबतं. त्या दाबामुळे घर्षण तयार होतं आणि घर्षण बोल्टला धरतं. घर्षण गुणांक ०.३ धरला तर ३० किलोची ओढ सोसायला बाहेरच्या दिशेने १०० किलोचा दाब हवा. काँक्रीट तो दाब सहज सोसतं. चिऱ्यात बोल्टच्या टोकाशी पोकळी आली तर दाबायला काही नसतंच, आणि दगड आला तरी तो दाबाखाली चुरा होऊन मागे सरतो. दगड सरला की दाब कमी, दाब कमी की घर्षण कमी. बोल्ट आवळताना हाताला घट्ट लागतो, दोन महिन्यांनी ढिला वाटतो. मग माणूस आणखी आवळतो आणि दगड आणखी चुरतो. पावसाळ्यात ओल पकडलेला चिरा सुक्यापेक्षा कमकुवत असतो, म्हणून मे महिन्यात बसवलेला बोल्ट ऑगस्टमध्ये हलू लागतो. दोष बोल्टच्या किमतीचा किंवा सुताराच्या हाताचा नसतो. पकड ज्यावर उभी आहे ती गोष्टच चिऱ्यात नाही.

चिऱ्यात पकड मिळवायची ती दाबाने न मिळवता लांबीने किंवा भरावाने. पट्ट्यांसाठी आणि स्थिर पट्टीसाठी १० मिलिमीटर जाडीची, ८० ते १०० मिलिमीटर लांब नायलॉनची गिट्टी (भोकात ठोकायची, स्क्रू धरणारी नळी) आणि तिच्या मापाचा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू चालतो. लांब गिट्टी अनेक ठिकाणी थोडी थोडी पकडते, त्यामुळे एका जागी पोकळी आली तरी बाकीची धरून राहते. साधा जस्त चढवलेला स्क्रू किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतो, आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आजूबाजूचा दगड फोडत जातो.

ड्रिलचं हॅमर बंद ठेवा. हॅमरने चिऱ्याच्या पोकळ्या एकमेकींत फुटतात आणि १० चं छिद्र १४ चं होतं. नुसतं फिरवून भोक पाडताना बाहेर येणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवा. पहिले १५-२० मिलिमीटर पांढरी किंवा करडी भुकटी, म्हणजे गिलावा. मग तांबडी, म्हणजे चिरा. करडीच येत राहिली तर तुम्ही सांध्यात, नाहीतर काँक्रीटच्या खांबात आहात. ड्रिलचं पातं मध्येच भसकन आत गेलं तर पोकळी आहे, ती जागा सोडा. जुन्या घरांत चिरे मातीच्या गाऱ्यात बसवलेले असतात, त्या सांध्यात तर काहीच धरत नाही. भोक सांध्यापासून किमान पाच सेंटिमीटर दूर आणि गिट्टीपेक्षा १० मिलिमीटर खोल हवं. गिलाव्याची लांबी धरू नका. ८० ची गिट्टी २० च्या गिलाव्यात बसवली तर दगडात ६० च उरतात.

फार मोठ्या टीव्हीसाठी, किंवा फिरता स्टँड लावायचाच असेल, तर रासायनिक अँकर हाच मार्ग. यात दोन द्रव्यांचं राळेसारखं मिश्रण बंदुकीने भोकात भरतात आणि त्यात आट्यांची सळी रोवतात. चिऱ्यासाठी भोकात आधी प्लास्टिकची जाळीची नळी घालायची. राळ जाळीतून बाहेर येऊन दगडाच्या पोकळ्यांत शिरते आणि तिथेच घट्ट होते. ज्या पोकळ्या बोल्टचा घात करतात, त्याच इथे खुंटी बनतात. हे तंत्र चिऱ्यासाठीच शोधलं असावं असं वाटण्याइतकं नेमकं बसतं. भोक नीट साफ करा: फुंकणीने हवा, मग ब्रश, परत हवा. धुळीवर राळ चिकटत नाही. नळीतून येणारं पहिलं बोटभर मिश्रण, रंग एकसारखा होईपर्यंतचं, फेकून द्या. ते नीट मिसळलेलं नसतं आणि कधीच कडक होत नाही. सुकण्याचा वेळ कार्ट्रिजवर तापमानानुसार छापलेला असतो. ओल्या भिंतीत तो दुप्पट धरा.

टीव्ही पडला नाही तरी फुटू शकतो. मोबाइल हातातून पडून शाबूत राहतो, मग खेळण्यातली मोटार लागून एवढा मोठा टीव्ही कसा फुटतो? मोबाइलच्या पडद्यावर एक वेगळी संरक्षक काच असते. तिला वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे लहान विद्युतभारित अणू निघून पोटॅशियमचे मोठे आत शिरतात, पृष्ठभाग दाटीने आवळला जातो आणि भेग पसरायला वाव राहत नाही. एलसीडी टीव्हीला अशी वरची काच बहुधा नसतेच. पुढे असते ती प्लास्टिकची ध्रुवक फिल्म, तिच्यामागे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्यात काही मायक्रॉनचा द्रव-स्फटिकाचा थर. या काचा मुद्दाम सोडियमविरहित बनवतात, कारण सोडियम त्यांच्यावरच्या ट्रान्झिस्टरांत शिरला तर ते बिघडतात. सोडियमच नाही, म्हणून पोटॅशियमची युक्तीही लागू पडत नाही. चित्र दाखवायला काच जेवढी शुद्ध, मार सोसायला तेवढीच कच्ची. आत भेग पडली की दुरुस्ती नाही, पूर्ण पॅनेल बदलावं लागतं, आणि अशी मोडतोड सहसा वॉरंटीत बसत नाही.

पडद्यापुढे लावायचा ३ मिलिमीटरचा ॲक्रिलिकचा गार्ड इथे खरंच उपयोगी पडतो. ॲक्रिलिक काचेपेक्षा वीस पटींहून मऊ आहे, पण पत्र्याची वाकण्याला होणारी अडचण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सहापट जाडी म्हणजे २१६ पट. मऊपणा वजा जाता गार्ड अर्ध्या मिलिमीटरच्या एका काचेपेक्षा नऊपट ताठ ठरतो. मात्र तो पॅनेलला टेकता कामा नये; मध्ये बोटभर मोकळी जागा हवी, नाहीतर धक्का सरळ पलीकडे जातो. ४३ इंचाला त्याचं वजन दोन किलोच्या आत असतं.

हाच गार्ड ‘रेडिएशन रोखतो’ म्हणून दीडपट भावात विकला जातो, आणि टीव्हीला चिकटवायच्या ‘किरणरोधक’ चकत्याही मिळतात. क्ष-किरणांचा प्रश्न जुन्या चित्रनळीत होता, कारण तिथे हजारो व्होल्टने धावणारे इलेक्ट्रॉन आदळत असत, आणि तो काचेतल्या जड धातूंनी सोडवलेला होता. एलसीडीत तसे इलेक्ट्रॉनच नाहीत, मग अडवायचं काय? पैसे ॲक्रिलिकच्या जाडीला द्या, चकतीला नको.

मुलांचे खोबरेल लागलेले हात पडद्यावर उमटतातच. पुसताना टीव्ही बंद करून प्लग काढा, मऊ सुक्या मायक्रोफायबरने पुसा, डाग हटत नसेल तर फडक्याला किंचित ओल द्या. पडद्यावर काही फवारू नका, आणि काच पुसायचं अमोनियाचं द्रव तर नकोच, ते वरच्या फिल्मचा लेप खातं. फवारलेला थेंब ओघळून खालच्या कडेच्या फटीत शिरतो. अनेक पॅनेलांत तिथेच केसाएवढ्या वाहक रेषांनी जोडलेल्या चिप असतात. मग उभ्या रेघा येतात, आणि त्या सहसा जात नाहीत.

चवथीत टीव्ही हलवायचाच असेल तर स्टुलावर ठेवण्यापेक्षा मूळ खोक्यात उभा ठेवून मुलं जात नाहीत त्या खोलीत ठेवा. आडवा नको, स्वतःच्या भाराने पॅनेल वाकतं. खोक्यात सिलिका जेलच्या पिशव्या टाका. विसर्जनानंतर तो परत लावण्याआधी भिंतीतला प्रत्येक स्क्रू पकडीने हलवून पाहा. जो फिरतो किंवा ज्याच्या कडेने तांबडी भुकटी झरते, तो आवळू नका. काढून हातभर बाजूला नवं भोक पाडा.