ग्रीन कार्डाची तारीख का हलत नाही?

“डेट हलली काय रे?” बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या शेजारच्या काकू अमेरिकेतल्या मुलाला ‘जेवलास काय’च्या आधी हे विचारतात. डेट म्हणजे प्रायॉरिटी डेट. कंपनीनं ग्रीन कार्डासाठी पहिला कागद दाखल केला तो दिवस. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात भारताच्या रकान्यात छापलेल्या तारखेच्या आधीची आपली डेट असली की नंबर लागला. काकूंच्या मुलाची डेट 2014 ची. 2025 चा सगळा उन्हाळा ईबी-2 या, उच्च पदवीवाल्या नोकरदारांच्या वर्गाचा रकाना 1 जानेवारी 2013 वर बसून होता. कधीकधी तारीख मागंही जाते.

रांगेतल्या पोरांचा राग निघतो अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या हेल्पलाइनवर. आधी यंत्र बोलतं, मग ठरलेलं उत्तर वाचून दाखवणारा माणूस. पण त्याला खडसावून काय होणार? गाठ पडली आहे कायद्यात.

1946 च्या कायद्यानं वर्षाला जेमतेम 100 भारतीयांना तिथं कायमचं जाता येई. 1965 मध्ये वंश-देशावरचे जुने कोटे गेले आणि आपल्यासारख्या देशांना प्रत्येकी 20,000 ची कमाल मर्यादा आली. तेव्हा ती उदारच होती. 1990 च्या कायद्यानं नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे 1,40,000 ठरवली आणि कुठल्याही एका देशाला साधारण 7 टक्के. भारत असो की आइसलँड, वाटा सारखाच. हिशोब केला तर दहा हजारांच्याही आत, आणि त्यात बायकापोरंही मोजतात. इतर देशांचं उरलंसुरलं मिळतं, तेवढाच आधार. त्याच कायद्यानं एच-1बी या, ठरावीक मुदतीच्या नोकरीच्या व्हिसाला वार्षिक 65,000 ची मर्यादा घातली, पण देशावार वाटणी केली नाही. सगळी मेख इथंच आहे. त्या मर्यादेत कामाला हवे तेवढे भारतीय जाऊ शकतात, कायम मात्र मोजकेच होतात.

1998 मध्ये बेळगावात व्हीटीयू हे तंत्रविद्यापीठ आलं. इथली इंजिनिअर पोरं बेंगळूर-पुण्याला आणि तिथून अमेरिकेला जाऊ लागली. 2000 साली तिकडे आणखी एक सोय झाली. ग्रीन कार्ड अडलेलं असेल तर सहा वर्षांची कमाल मुदत संपल्यावरही एच-1बी वाढवून मिळू लागला. रांग कमी झाली नाही, रांगेत उभं राहणं तेवढं सुसह्य झालं.

2003 मध्ये आयएनएस हे जुनं इमिग्रेशन खातं मोडून अर्ज तपासायला यूएससीआयएस हे खातं आलं. ते मुख्यतः अर्जदारांच्या फीवर चालतं. पूर्वी ऑनलाइन वेळ घेऊन स्थानिक ऑफिसात समोरासमोर विचारता येई; 2019 पर्यंत ती पद्धत बंद करून आधी फोन करायचा असं ठरलं.

एकदा मात्र पोरांनी गंमत केली. 2007 च्या जुलैच्या बुलेटिननं बहुतेक सगळ्या तारखा खुल्या केल्या, म्हणजे रांगेतल्या कुणीही अर्ज करावा. लोकांनी मेडिकल करून घेतली, वकिलांचे पैसे भरले, आणि 2 जुलैला खात्यानं घूमजाव केलं. भारतीयांनी गांधीगिरी करत यूएससीआयएसच्या प्रमुखाला शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. ती फुलं जखमी सैनिकांच्या इस्पितळात गेली, पण 17 जुलैला अर्ज घ्यायचं ठरलं.

तारखांचं तसं बेळगावकराला नवल नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण दाव्याला वय नसतं, पोराला असतं. मूल 21 चं झालं की बापाच्या अर्जातून गळतं. 2002 च्या कायद्यानं वयातले काही दिवस वजा करून मिळतात, तेही अटींवर.

काकूंचा नातू बेळगावात जन्मला, दोन वर्षांचा असताना अमेरिकेला गेला. त्याचा कन्नड जन्मदाखला भाषांतर करून फायलीत तयार आहे. त्यावर गावाचं नाव बेळगाम, कारण बेळगावी झालं ते 2014 च्या नोव्हेंबरात. नातू यंदा सोळाचा. काकू फोन ठेवला की बोटांवर पाच वर्षं मोजतात.