पहाटेची बाटली

हायड्रिलाचा प्रयोग मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना आठवत असेल. चंचुपात्रात हायड्रिलाच्या काड्या, त्यांवर पालथं नरसाळं, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि सगळं उचलून उन्हात. थोड्या वेळात बुडबुडे सुटतात. वनस्पती ऑक्सिजन सोडते, एवढं वहीत उतरलं की धडा संपतो.

मीही कित्येक वर्षं तो तिथेच संपवत होतो. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, शाळेपासून पाच मिनिटांवर मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले. पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंनी आहेत, धानाची शेती त्यांच्यावर उभी आहे. मुलांना घेऊन एकदा दुपारी पाळीवर गेलो, तेव्हा जाळं सुकवत बसलेले एक म्हातारे ढीवर, म्हणजे मासेमार, म्हणाले, "गुरुजी, आता काय दिसणार? पोरायले पहाटे आणा."

त्यांचं म्हणणं किती शास्त्रशुद्ध होतं, हे आकडे पाहिले की कळतं. एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त विरघळतो तो ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर. पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसातच्या आसपास. म्हणजे मासा जन्मभर आपल्या तिसाव्या हिश्श्याहून कमी प्राणवायूत जगतो, आणि उन्हाळ्यात तोही घटतो.

दुपारी पाण्यातल्या वनस्पती आणि डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म शेवाळं जोरात काम करत असतात, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजनची चंगळ असते. सूर्य मावळला की ही भर थांबते. श्वास मात्र कुणाचाच थांबत नाही. मासे, गोगलगायी, चतुरांची पिल्लं, तळच्या गाळातले जिवाणू, आणि दिवसभर ऑक्सिजन देणारी ती हायड्रिलासुद्धा रात्रभर तो वापरतच राहते. हवेतून थोडा मिळतो, पण शांत पाण्यात तो फार सावकाश खाली उतरतो. त्यामुळे सगळ्यात कमी ऑक्सिजन असतो तो सूर्य उगवायच्या जरा आधी. चंचुपात्र उन्हात ठेवून आपण तलावाच्या दिवसाचा अर्धाच भाग शिकवतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तपासायला आम्ही विंकलरची पद्धत वापरली. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने ती १८८८ मध्ये मांडली. बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडा राहू द्यायचा नाही. तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइडचं द्रावण सोडायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, अजिबात नसेल तर पांढरा. नेमका आकडा काढायला पुढे आम्ल आणि अनुमापन लागतं. मुलांसाठी रंग पुरेसा होता. रसायनं मीच हाताळली.

दुपारी चारच्या बाटलीतला साका काढ्यासारखा गडद होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच जागेवरून भरलेल्या बाटलीतला दुधाळ चहासारखा फिकट. दोन्ही बाटल्या पाळीवरच्या दगडावर शेजारी ठेवल्या आणि पोरं गप्प झाली. एरवी माझ्या वर्गात अशी शांतता नसते.

तेवढ्यात काठाजवळ मासे दिसले. रोहू आणि कटला तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. ढीवर याला मासे 'वर आले' म्हणतात. पृष्ठभागालगतच्या पातळशा थरात हवेतला ऑक्सिजन सर्वांत आधी मिसळतो, त्यासाठी ही धडपड. आदला दिवस ढगाळ गेला असेल तर ती जास्त, कारण दिवसाची कमाईच कमी झालेली असते.

गावाचं सांडपाणी, कपड्यांचा साबण, शेतातून वाहून आलेलं खत तलावात गेलं की शेवाळ माजतं. दुपारी पाणी हिरवंगार आणि ऑक्सिजन भरपूर. रात्री तेवढीच मोठी तूट. त्यात शेवाळ मरून कुजू लागलं की जिवाणू उरलासुरलाही संपवतात आणि सकाळी मेलेल्या माशांचा खच तरंगतो. लोक म्हणतात कुणीतरी विष टाकलं. कधी खरंच टाकलेलं असतं. पण विषाचा थेंब न पडताही तलाव एका रात्रीत गुदमरू शकतो, आणि ही गोष्ट पाठ्यपुस्तकात ठळक छापली जावी असं मला मनापासून वाटतं.

परत निघताना सातवीतली एक मुलगी थांबली. तिला मरळ दिसला होता. तो धडपडत नव्हता. वर आला, एक घोट हवा घेतली, सावकाश खाली गेला. मरळाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवायची पोकळी असते, म्हणून तो थेट हवेवर श्वास घेतो. तिने घड्याळ लावलं आणि तो पुन्हा किती वेळाने वर येतो ते मोजत बसली. शाळेची घंटा झाली तरी मी तिला उठवलं नाही.