मीठ घातलं, पांढरं झालं: पण दोन्ही नळ्यांत एकच घडलं का?

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा एम.एस्सी. करतोय. परवा दोन परीक्षानळ्यांचे फोटो दाखवत म्हणाला, "काका, दोन्हीत क्षार घातला, दोन्ही पांढरट झाल्या. अहवालात दोन्हीकडे 'साल्टिंग आउट' लिहू ना?" साल्टिंग आउट म्हणजे भरपूर क्षार घालून विरघळलेला पदार्थ पाण्यातून वेगळा पाडणं. मी म्हटलं, नको रे. दुसऱ्या नळीतलं प्रकरण वेगळं आहे.

पहिलीत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि अमोनियम सल्फेट, दोन्ही साधारण 15 टक्के. ग्लायकॉल हा पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू; त्याच्या साखळीवर विद्युतभार नसतो. पाण्याशी जुळणाऱ्या हायड्रोजन बंधांवर ती विरघळलेली राहते. सल्फेट पाण्याला घट्ट धरतो आणि साखळीजवळ फिरकत नाही. तो भरपूर झाला की साखळ्या एकीकडे गोळा होतात. हलवलं की दुधाळ दिसतं, पण नळी थोडा वेळ ठेवून बघा: वर पॉलिमरचा थर, खाली क्षाराचा, दोन्ही नितळ, दोन्ही पाण्याचेच! प्रथिनं वेगळी करायला हीच जोडी वापरतात. इथे मुख्य जोर ऋण आयनाचा. प्रागमध्ये फ्रान्झ हॉफमाइस्टर या शास्त्रज्ञांनी 1888 साली अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनांवर अशा आयनांच्या जोराचा क्रम लावला: सल्फेट पुढे, क्लोराइड मागे.

दुसऱ्या नळीत 1 टक्का सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराइडचे काही थेंब. थेंबच, हे लक्षात घ्या. अल्जिनेटच्या साखळीवर ऋण भार असतो. कॅल्शियम दोन साखळ्यांच्या मध्ये बसून त्यांना बांधतो आणि जेल तयार होतं. तेवढंच साधं मीठ घाला, काही होत नाही. मॅग्नेशियमवरही कॅल्शियमसारखाच दुहेरी भार, तरी त्याने जेल होत नाही. साखळीतल्या खाचेत कॅल्शियमच नीट बसतो. म्हणूनच कॅल्शियम असलेल्या बोअरच्या जड पाण्यात अल्जिनेट धड विरघळत नाही. डिस्टिल्ड पाणीच घ्यावं.

ओळखायचं कसं? पाणी घाला. पहिल्या नळीत दुप्पट केलंत की थर पुन्हा एकजीव होतात. दुसरीतल्या जेलच्या गाठी तशाच राहतात. त्यांना सोडियम सायट्रेट द्यावं लागतं. ते कॅल्शियम ओढून घेतं आणि गाठी सुटतात.

आता तो मुलगा पॉलि-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइड हा आणखी एक पॉलिमर घेणार आहे. त्याचं द्रावण 32 अंशांच्या आसपास आपोआप गढूळ होतं आणि सल्फेट घातला की त्याहून कमी तापमानाला. बडोद्याच्या मे महिन्यात, नुसत्या पंख्याच्या खोलीत ते क्षाराआधीच पांढरं दिसेल. त्याला सांगितलंय, नळी आधी थंड पाण्यात धर, थर्मामीटर वाच, मगच क्षार घाल.